पिशवीतला शंख चालायला लागला

ओवीची_आई

मागच्या आठवड्यात मालवणला होतो. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, त्यामुळे संध्याकाळची ओहोटी खूप आतपर्यंत गेली होती आणि रॉक गार्डनच्या खडकांतली डबकी उघडी पडली होती. लेकीने (वय सात) तासाभरात पिशवीभर शंख गोळा केले. काही बोराएवढे, काही सुपारीएवढे. मीही वेचू लागले. प्रत्येक शंख हातात घेऊन आत बघत होते. कुणी दिसलं नाही की पिशवीत टाकत होते.

रात्री दिवा मालवल्यावर पिशवीतून आवाज यायला लागला. खर्र. मग शांतता. पुन्हा खर्र. मोबाईलचा उजेड पाडला तर एक शंख पिशवीतून निसटून फरशीवरून दाराकडे चालला होता. खाली पट्ट्यापट्ट्यांचे पाय, पुढे देठावर दोन डोळे. पिशवी उपडी केली तर असे अकरा निघाले.

मी घाईघाईने बादलीत नळाचं पाणी भरलं आणि सगळ्यांना त्यात सोडलं. वाटलं, पाण्यातले जीव, पाण्यात बरे राहतील. सकाळी तीन जण शंखाबाहेर येऊन तळाशी पडले होते. त्यांचा मागचा भाग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. अगदी मऊ, गुलाबीसर, एका बाजूला मुरडलेला, करंगळीच्या टोकाएवढा. त्यावर कवच असं काहीच नाही. लेक खूप रडली. उरलेल्या आठांना उजाडताच त्याच डबक्यांत सोडून आलो.

ही चूक मला नीट समजून घ्यायची आहे. नळाच्या पाण्याने गेले का ते? शंखात कुणी आहे हे ओळखायचं कसं? आणि पुण्याच्या घरी आधीच्या तीन सहलींतले बरणीभर शंख आहेत, त्यांचं काय करू?

खाडीकाठ

ताई, ते शंखातले खेकडे. तुम्ही आठ जण परत नेऊन सोडलेत हे फार चांगलं केलंत. बरेच लोक तेवढंही करत नाहीत. मी रत्नागिरीत तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी मुलांना ओहोटीला खडकांवर घेऊन गेलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, ते नळाच्या पाण्यानेच गेले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि या प्राण्यांच्या अंगातला द्रवही जवळपास तितकाच खारट असतो. गोड्या पाण्यात टाकलं की पाणी कल्ल्यांतून आत शिरत राहतं आणि अंगातले क्षार बाहेर जात राहतात. त्रास असह्य झाला की हा प्राणी शेवटचा उपाय म्हणून शंख सोडतो. शंख बदलतानाचा क्षण सोडला, तर एरवी जिवंतपणी तो स्वतःहून उघडा पडत नाही.

पायांवर पट्टे होते म्हणता, म्हणजे बहुधा क्लिबॅनेरियस या गटातले असावेत. आपल्या किनाऱ्यावरच्या डबक्यांत हेच जास्त दिसतात. इंग्रजीत हर्मिट क्रॅब म्हणतात, म्हणून मराठीत काही जण संन्यासी खेकडा लिहितात. मला ते नाव पटत नाही. घरासाठी इतकी धडपड करणारा आणि शेजाऱ्यांशिवाय ज्याचं पान हलत नाही असा प्राणी संन्यासी कसा? मी मुलांना शंखातला खेकडा असंच सांगायचो. तसा तो खरा खेकडाही नाही. खऱ्या खेकड्याचं पोट चपटं होऊन छातीखाली दुमडलेलं असतं. याचं पोट लांब, मऊ आणि उजवीकडे वळलेलं असतं, कारण जगातल्या बहुतेक शंखांचा पीळ उजवाच असतो. पोटाच्या टोकाला आकड्यासारखे दोन छोटे अवयव असतात. शंखाच्या मधल्या खांबाला तो त्यांनी आतून घट्ट धरून बसतो. म्हणूनच ओढून काढायला गेलात तर तो तुटेल पण सुटणार नाही. कृपा करून मुलांना तसं करू देऊ नका.

पाय दहा. पुढचे दोन नांग्या, पुढचे चार चालायला, आणि मागचे चार इतके आखूड की ते आपल्याला दिसतच नाहीत. ते आत राहून शंख अंगावर सांभाळतात.

ओळखायचं कसं? शंख तोंड वर करून तळहातावर ठेवा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. बोलूही नका. घाबरला की तो आत खोलवर जातो आणि नांगीचं दार लावतो. म्हणून वरवर बघितल्यावर शंख रिकामाच वाटतो. हात स्थिर राहिला की आधी मिशा बाहेर येतात, मग डोळे.

भटका_जीव

माहिती उत्तम, पण एक शंका मनापासून विचारतो. किनाऱ्यावर लाखो शंखशिंपले पडलेले असतात. एका मुलीने मूठभर नेले तर खरंच काही फरक पडतो का? लहानपणी आपण सगळ्यांनीच नेले आहेत.

खाडीकाठ

प्रश्न रास्त आहे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेलात की एक हात लांब आणि एक हात रुंद चौकोन आखा आणि त्यातलं सगळं मोजा. बहुतेक शिंपले निघतील, म्हणजे दोन झाकणांचे, ते या खेकड्याच्या कामाचे नाहीत. उरलेल्या शंखांत निम्म्याहून अधिक फुटके. काहींवर कंपासने काढल्यासारखं नेमकं गोल भोक दिसेल. दुसऱ्या एखाद्या शिकारी गोगलगायीने ते पाडलेलं असतं आणि त्यातून आतल्या प्राण्याला खाल्लेलं असतं. असा भोक पडलेला शंख हा खेकडा शक्यतो टाळतो. उरले किती? अख्खे, आपल्या मापाचे, आत कुणी नसलेले? चौकोनात एकही नसेल. आणि सुंदर, अख्खा, मुलांना आवडणारा शंख म्हणजे नेमका त्यालाही हवा असलेला शंख.

हे खेकडे बहुधा जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेत नाहीत. ती आपल्या मरणाने किंवा दुसऱ्या कुणाच्या तावडीत मरेपर्यंत वाट बघावी लागते. तोवर हा वाढत राहतो, कात टाकतो, आणि शंख काही वाढत नाही. लहान शंखात अंग पूर्ण मावत नाही, अंडी कमी धरता येतात, वाढ खुंटते.

स्पेनमधल्या सालोऊजवळच्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी 1978 ते 1981 आणि पुन्हा 2008 ते 2010 अशी शिंपल्यांची मोजणी केली होती. मधल्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले साठ टक्क्यांहून जास्त घटले. त्यांचा अभ्यास 2014 साली आला. एका मुठीचा हिशेब असा लागतो.

भटका_जीव

चौकोनाचं नक्की करून बघतो, सर. भोक पडलेले शंख मी माळेसाठी मुद्दाम वेचायचो, ते भोक कुणी पाडलंय हे आज कळलं.

रापणकर

मी मूळचा मालवणचाच, आता ठाण्यात. आमच्याकडे रापण ओढायची. जाळं किनाऱ्याला लागलं की मासळी वेगळी करताना हे शंखवाले पुष्कळ निघायचे. ते विकायच्या कामाचे नाहीत, म्हणून वाळूवर टाकून द्यायचे आणि उन्हात मरायचे. आजी मात्र एकेक उचलून पाण्यात फेकायची. आम्ही पोरं खेळायला मागितले तर म्हणायची, "तेका त्याच्या घराक जावंदे." मला वाटायचं घर म्हणजे समुद्र. घर तर पाठीवरच होतं.

खोल पाण्यातून येणाऱ्या मोठ्या शंखांवर कधीकधी मऊ, लालसर गोळे चिकटलेले असायचे. हात लागला की आक्रसायचे. एका शंखावर चार-चार. ते काय असायचं? आम्ही त्याला घाण समजून काढून टाकायचो.

पावसाळी_शहर

रापणकर दादा, ती समुद्रफुलं, म्हणजे सी ॲनिमोन. ती चुकून चिकटलेली नसतात. खेकड्याने स्वतः आणून लावलेली असतात!

मी बेलफास्टला राहते. इथल्या समुद्रात थंडीने हात बधिर होतात, तरी ओहोटीला मुलांबरोबर डबकी बघायला जाते. खेकडा आधी समुद्रफुलाच्या बुंध्यापाशी पायांनी आणि नांगीने हलकं थोपटतो, टोचतो. एरवी हे फूल खडकाला असं धरून असतं की ओढलं तर फाटेल. पण या थोपटण्याने ते आपली पकड सोडतं. मग तो त्याला नांगीत उचलून शंखावर ठेवतो आणि ते तिथे चिकटेपर्यंत धरून ठेवतो. मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवलं की तो फुलांनाही असंच काढून नव्या शंखावर आणतो. डार्डेनस गटातले खेकडे यात पटाईत असतात.

फायदा दोघांचा. फुलाच्या हातांत डंख मारणाऱ्या पेशी असतात आणि ऑक्टोपसला त्या नको असतात. ऑक्टोपस या खेकड्याचा मोठा शत्रू. डोनाल्ड रॉस यांनी 1971 साली टाकीत दोघांना समोरासमोर ठेवून दाखवलं की फुलं असलेल्या खेकड्याला ऑक्टोपस सोडून देतो. फुलाला काय मिळतं? फिरायला मिळतं, आणि खेकड्याच्या जेवणातलं सांडलेलं.

इकडच्या समुद्रातली एक जोडी तर याच्याही पुढची आहे. पॅग्युरस प्रिडॉक्स नावाचा खेकडा आणि ॲडॅम्सिया नावाचं समुद्रफूल. खेकड्याचा शंख अगदीच छोटा असतो. फूल त्याच्याभोवती झग्यासारखं गुंडाळून बसतं आणि आपल्या अंगातून एक चिवट पापुद्रा तयार करून शंखाचं तोंड पुढे वाढवत नेतं. खेकडा वाढतो तसं घर वाढतं. त्याला शंख शोधत फिरायची गरजच उरत नाही.

आणि बिनबोलावलेला पाहुणाही असतो. इथल्या मोठ्या शंखांत खेकड्याच्या मागे, पिळाच्या वरच्या टोकाला नेरीस जातीचा एक लांब किडा राहतो. खेकडा खायला लागला की हा त्याच्या डोक्याजवळून बाहेर येतो आणि तोंडापाशीचा घास ओढून नेतो. खेकडा त्याला सहसा काही करत नाही. असं का, यावर मी खूप विचार केलाय. आत घाण साचू देत नसेल का तो? मला ठाऊक नाही, पण बघायला मिळालं की मी पाणी चढेपर्यंत उठत नाही.

रापणकर

म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्यांचे पहारेकरी उपटून टाकत होतो. वाईट वाटलं वाचून. गावी भावाला फोन करून सांगितलं.

दगडगोटे

एक छोटी भर. हे घर उसनं घेणं फार जुनं आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या स्पीटन इथल्या मातीत एक जीवाश्म सापडलाय, क्रिटेशस काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे डायनासोर होते तेव्हाचा. त्यात खेकडा गोगलगायीच्या शंखात नाही, ॲमोनाइटच्या शंखात बसलेला आहे. ॲमोनाइट म्हणजे ऑक्टोपसचे शंखवाले चुलत. ते डायनासोरांबरोबर नामशेष झाले. घरमालकांचा वंश बुडाला, भाडेकरूंनी नवे घरमालक शोधले आणि ते अजून आहेत. हा नमुना रेने फ्राय यांनी 2003 साली प्रसिद्ध केला.

निळं_पाणी

मी अंदमानात, स्वराज द्वीपला डायव्हिंग शिकवतो. इथे सीनोबीटा, म्हणजे जमिनीवर राहणारे शंखातले खेकडे आहेत. त्यांची गोष्ट थोडी वेगळी. मोठेपणी ते पाण्यात राहतच नाहीत. कल्ले ओले ठेवायला शंखात थोडं पाणी बाळगतात. जास्त वेळ बुडवून ठेवलं तर बुडून मरतात. पण अंडी सोडायला मादीला समुद्राच्या काठी यावंच लागतं. पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगतात, रूप बदलतात, मग तिळाएवढा शंख शोधून अंगावर चढवतात आणि किनाऱ्यावर येतात.

रात्री जेवणानंतर मी टॉर्च घेऊन वाळूवर जातो. एकदा मध्येच पडलेल्या एका मोठ्या रिकाम्या शंखाजवळ एक खेकडा थांबलेला दिसला. त्याने शंख फिरवून बघितला, नांगी आत घालून माप घेतलं. मोठा पडला. तो निघून गेला नाही, तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने दुसरा आला, तोही लहान, तोही थांबला. अर्ध्या तासात सहा-सात जण. एकमेकांच्या शंखाला धरून, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळ लागली. शेवटी एक दांडगा आला, त्याला शंख बरोबर बसला. तो आपल्या जुन्या शंखातून उठून नव्यात शिरला मात्र, मागच्याने त्याच्या जुन्यात उडी घेतली, त्याच्या मागच्याने त्याच्यात. टपाटप. काही सेकंदांत सगळे नव्या घरात आणि शेवटी वाळूवर एक चिमुकला, कडा झिजलेला शंख उरला. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये रँडी रॉटजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर 2010 साली सविस्तर लिहिलंय. एक चांगला शंख आला की अनेकांची घरं बदलतात. म्हणजे एक चांगला शंख कुणी उचलून नेला तर नुकसानही एकट्याचं होत नाही.

आता जे रोज बघतो ते. शंखाऐवजी बाटलीचं झाकण घालून फिरणारे खेकडे. पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण, औषधाचं पांढरं झाकण. वॉर्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो तपासले. जमिनीवरच्या 16 जातींपैकी 10 जातींचे मिळून 386 खेकडे माणसाच्या कचऱ्यात राहताना सापडले, त्यातले बहुसंख्य प्लॅस्टिकच्या टोप्यांत. हा अभ्यास 2024 चा.

याहून वाईट बाटल्या. तिरकी पडलेली बाटली, तोंड वर. खेकडा आत उतरतो, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय टिकत नाहीत, बाहेर येता येत नाही. तो मरतो. आणि यांच्यात मेलेल्या खेकड्याचा वास म्हणजे इथे एक शंख रिकामा झाला अशी हाक. ती ऐकून दुसरा येतो, तोही अडकतो. जेनिफर लॅव्हर्स यांच्या गटाने हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन या बेटांवर मोजणी केली. वर्षाला सुमारे 5 लाख 70 हजार खेकडे कचऱ्यात अडकून मरतात असा त्यांचा अंदाज आहे. एकाच डब्यात 526 सापडले होते.

म्हणून किनाऱ्यावर बाटली दिसली आणि उचलून नेणं शक्य नसेल, तर निदान झाकण लावा किंवा तोंड खाली करून ठेवा.

परसातली

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी न्यू जर्सीला असते. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या दुकानांत रंगवलेल्या शंखांतले खेकडे पिंजऱ्यात विकायला असतात. मुलाच्या हट्टासाठी घेतला. शंखावर फुटबॉलचं चित्र. दुकानदार म्हणाला, पाण्याची वाटी आणि थोडं खाणं दिलं की झालं, काही महिनेच जगतात. चार महिन्यांनी गेला.

नंतर वाचलं की रानात हे तीस वर्षांहून जास्त जगू शकतात. त्याला दमट हवा लागते, नाहीतर कल्ले सुकून हळूहळू गुदमरतो. कात टाकायला खोल ओल्या वाळूत कित्येक आठवडे गाडून घ्यावं लागतं, आणि आम्ही त्याला तळाशी दोन बोटं रंगीत खडे दिले होते. आणि विकायला येणारे जवळजवळ सगळे रानातून पकडलेले असतात, कारण पिंजऱ्यात त्यांची पैदास फारच क्वचित होते. कुणी भारतात असे पाळायचा विचार करत असेल तर कृपया करू नका.

पावसाळी_शहर

परसातली, आपल्याला माहीतच नसतं ना. त्यांना दुखतं का, हा प्रश्न तर शास्त्रज्ञांनीही उशिरा विचारला. इथल्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी मिर्याम ॲपल यांच्यासोबत 2009 साली शंखातल्या खेकड्यांना विजेचे बारीक झटके देऊन बघितलं. नावडत्या शंखातले लवकर बाहेर पडले. आवडत्या शंखातल्यांनी तो शंख तितक्या सहज सोडला नाही. म्हणजे ती नुसती दचकण्याची क्रिया नव्हती. किती सोसायचं आणि कशासाठी, याचा काहीतरी विचार आत चालला होता. प्रयोग वाचताना मला त्रास झाला, हे खरं आहे. पण अशाच अभ्यासांमुळे ब्रिटनच्या 2022 च्या प्राणी कल्याण कायद्यात खेकडे, कोळंबी यांनाही संवेदना असते हे मान्य झालं.

खाडीकाठ

ओवीच्या आई, तुमच्या बरणीचं राहिलंच. जे शंख मालवणचेच आहेत अशी खात्री आहे, जे अख्खे आहेत, ज्यांना रंग, वॉर्निश, तेल लावलेलं नाही, तेवढेच परत न्या. दुसऱ्या किनाऱ्यावरचे तिथे टाकू नका. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. ओहोटीला डबक्यात ठेवा, उंचावरून टाकू नका. आणि लेकीला घेऊन जा.

ओवीची_आई

जाऊन आलो. दिवाळीच्या सुट्टीत, अमावास्येनंतरच्या ओहोटीला. बरणीतले सतरा शंख नेले होते. लेकीने ते एकेक करून एका उथळ डबक्याच्या तळाशी मांडले आणि आम्ही सावली पाण्यावर पडणार नाही असे बसलो.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग कपारीतून एक जण आला. शंख अगदी तोकडा, पाय बाहेरच. आमच्या एका तपकिरी शंखापाशी थांबला, मिशा लावल्या, नांगी आत घालून चाचपला, शंख उलटा करून पुन्हा चाचपला. सरांनी सांगितलं होतं म्हणून मला वेळ लागणार हे माहीत होतं. लेक श्वास धरून होती. आणि मग तो इकडून निघून तिकडे शिरला. ते मऊ पोट बाहेर दिसलं ते पापणी लवेपर्यंतच. नंतर पाय पूर्ण आत घेऊन बघितले, पुन्हा बाहेर काढले, आणि चालायला लागला. त्याचा जुना शंख फार वेळ रिकामा राहिला नाही. त्याच्याहून बारका एक जण आधीपासून मागे येऊन उभा होता.

पाणी चढायला लागलं तेव्हा उठलो. निघताना लेकीने मोजले. आमच्या सतरा शंखांपैकी सहा चालते झाले होते.